रोडोडेंड्रॉन ओळखायचा तर पान उलटून पाहा

उत्तराखंडात चोपता-तुंगनाथच्या वाटेवर मार्च-एप्रिलमध्ये गेलेल्या ट्रेकरला लाल फुलांनी लदलेला बुरांश हमखास भेटतो. थोडं वर चढलं की गुलाबी, मग पांढरट फुलं दिसतात आणि फोटोखाली ‘रोडोडेंड्रॉनची दुसरी जात’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. तिथेच गफलत होते. बुरांश (रोडोडेंड्रॉन वंशातली एक जात, रोडोडेंड्रॉन आर्बोरियम) कमी उंचीवर गडद लाल फुलतो, वरच्या पट्ट्यात त्याचीच फुलं गुलाबी किंवा पांढरी असू शकतात. जात ठरवताना रंगाचा नंबर शेवटचा. पहिला नंबर पानाच्या खालच्या बाजूचा, आणि पान सदाहरित असल्यामुळे ही खूण बाराही महिने हाताशी असते.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान पट्टी आणि उंची दाखवणारं घड्याळ किंवा फोन पुरतो. हा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, त्यामुळे काही तोडायचं नाही. झाडाखाली गळालेली पानं आणि फुलं तपासणीला भरपूर असतात. फक्त ती त्याच झाडाची आहेत ना, हे फांदीवरच्या पानाशी ताडून घ्या.

आधी हे झाड एरिकेसी कुळातलं, रोडोडेंड्रॉनच आहे याची खात्री करा. पानं साधी, चिवट, अखंड कडेची. देठाशी उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानं) नाहीत. पानं एकाआड एक येतात, पण फांदीच्या टोकाला इतकी दाटतात की चक्राकार वाटतात. म्हणून टोकाऐवजी थोडं मागे, जुन्या पानांचे वण कसे आहेत ते पाहा. फांदीच्या शेंड्यावर एकावर एक खवल्यांनी झाकलेली जाड कळी असते.

फूल मिळालं तर नळी एका बाजूने उभी चिरून उघडा. सदाफुलीत पुंकेसर नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेले असतात; इथे ते बुडापर्यंत मोकळे सापडतील. बुरांशात त्यांची संख्या 10. आता परागकोशाचं टोक भिंगाखाली धरा. बहुतेक फुलांत परागकोश लांबीला उभा फाटतो, इथे मात्र टोकाला दोन बारीक छिद्रं असतात. गवताची काडी छिद्राला टेकवून हळूच मागे ओढली की पराग भुकटीसारखे न उडता चिकट धाग्यांत ओवल्यासारखे बाहेर येतात. एखादा कीटक नुसता घासून गेला तरी पूर्ण माळ त्याच्या अंगाला लागते, ती या धाग्यांमुळे. ही तपासणी ताज्या, कोरड्या फुलावरच करा. पावसात भिजलेल्या फुलात धागे दिसत नाहीत.

मग येते जात. तुंगनाथचं मंदिर साधारण 3,680 मीटरवर आहे आणि त्या उंचीच्या आसपास, जिथे जंगल संपून बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, सुरू होतात, तिथे एक दाट, वाकड्यातिकड्या फांद्यांचं झुडूप सगळा उतार व्यापतं. हे रोडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलेटम. उंची बहुधा 2 ते 4 मीटर. हिवाळाभर बर्फाच्या भाराखाली दबल्यामुळे खोडं आधी उताराच्या दिशेने आडवी जातात आणि मग वर वळतात. पान 7 ते 14 सेंटिमीटर, रुंदट, देठाशी गोलसर. वरून गडद हिरवं, गुळगुळीत. उलटलं की खाली गंजाच्या रंगाची दाट, मऊ लव. बोटाने चोळून पाहा, मखमल लागते.

बुरांशचं पान याहून लांब आणि निमुळतं, 10 ते 20 सेंटिमीटर. वरच्या बाजूला शिरा खोल रुतलेल्या आणि खाली लव पातळ, चप्प बसलेली, बहुधा चंदेरी. इथे एक सावधगिरी: कॅम्पॅन्युलेटमची कोवळी पानंही खालून फिकट असतात. त्यामुळे शेंड्यावरचं नवं पान बघून निर्णय देऊ नका, मागच्या वर्षीचं पान घ्या.

फुलांतही पक्का फरक आहे. बुरांशच्या नळीच्या बुडाशी मधाचे पाच गडद खळगे असतात आणि अंडाशयावर दाट लव असते. कॅम्पॅन्युलेटमचं फूल पसरट घंटेसारखं, पांढरं ते फिकट जांभळं, आत जांभळे ठिपके. खळगे नाहीत आणि अंडाशय गुळगुळीत. हे झुडूप मुख्यतः मे-जूनमध्ये फुलतं, म्हणून एप्रिलमध्ये गेलेल्यांना नुसत्या कळ्या दिसतात. तेव्हा गेल्या वर्षीची सुकलेली बोंडं शोधा. ती वरून खाली उभी फाटतात आणि आतल्या बारीक बिया वाऱ्यावर जातात.

लाल फुलं आहेत, पण देठांवर राठ केस आणि खोडाची तांबूस साल गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी असेल तर तो तिसरी जात, रोडोडेंड्रॉन बार्बेटम. बुरांशची साल खडबडीत असते.

त्याहून वर, गुडघ्याइतक्या झुडपांत लव संपते आणि खवले सुरू होतात. इथे भिंगाशिवाय पर्याय नाही. पान 2 ते 4 सेंटिमीटर, खाली तपकिरी खवल्यांचा थर, चुरगळल्यावर उग्र सुगंध आणि फूल अरुंद नळीचं, केसर आत लपलेले: रोडोडेंड्रॉन अँथोपोगॉन. नेपाळात याला सुनपाती म्हणतात आणि धूप म्हणून जाळतात. पान त्याहूनही लहान, खवले दोन्ही बाजूंना आणि फूल बशीसारखं उघडं असेल तर रोडोडेंड्रॉन लेपिडोटम.

कडाक्याच्या थंडीत काही रोडोडेंड्रॉनची पानं खाली लोंबतात आणि सुरळीसारखी गुंडाळतात. झाड वाळलंय असं समजू नका. ऊब वाढली की पानं पुन्हा पसरतात.

उत्तराखंडात बुरांशच्या पाकळ्यांचं सरबत मिळतं, म्हणून वाटेतल्या कुठल्याही रोडोडेंड्रॉनची फुलं चघळणं मात्र धोक्याचं आहे. या वंशातल्या अनेक जातींच्या पानांत आणि मधात ग्रेयानोटॉक्सिन हे विष असतं. त्याने उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, नाडी मंदावते. उंचावर ही लक्षणं दिसली तर ती नुसती विरळ हवेची समजून वेळ जाऊ शकतो.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत रोडोडेंड्रॉन रानात वाढत नाही. पश्चिम घाटात तो दक्षिणेला, निलगिरी, अनामलाई आणि पळणीच्या उंच डोंगरांवर भेटतो. हिमालयात जाण्याआधी हात बसवायचा असेल तर नर्सरीतलं अझेलिया घ्या. तेही रोडोडेंड्रॉनच. त्यात केसर 5 ते 10 असू शकतात, पण परागकोशाची छिद्रं घरच्या खिडकीतही तशीच दिसतील. कुंडीत माती आम्लधर्मी ठेवा, सामू (पीएच) 4.5 ते 6. बोअरच्या जड पाण्याने सामू वाढतो, लोह मुळांना मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. अशा वेळी खत वाढवण्याऐवजी पावसाचं साठवलेलं पाणी द्या. मुळं बारीक आणि वरवर पसरणारी असल्यामुळे माती खुरपू नका. वर पालापाचोळ्याचा थर पुरेसा.