जुनी टीव्हीआर घेताय? आधी गाडीखाली शिरा

ब्लॅकपूलच्या कारखान्यात हाताने बांधलेली टीव्हीआर कायमेरा ही स्पोर्ट्स कार (१९९२ ते २००३) इंग्लंडात अजूनही विकत मिळते. बघायला जाणारे रंगावरून हात फिरवतात, आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचा आवाज ऐकतात आणि तिथेच विरघळतात. बॉडी फायबरग्लासची, तिला गंज चढतच नाही. गंजते ती तिच्याखालची पोलादी नळ्यांची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा.

निघण्यापूर्वी गाडीचा नंबर टाकून ब्रिटिश सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे तिथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास वाचा, फुकट आहे. मालकाला सांगून ठेवा, इंजिन थंडच ठेवा.

आता आउटरिगर, म्हणजे दाराखालून दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या बाहेरच्या नळ्या. गाडी लिफ्टवर चढवू देत नसतील तर परत या. चासीला पावडर कोटिंग असतं. त्याला चीर गेली की पाणी आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरतं. वरचा थर शाबूत दिसतो आणि खाली लोखंडाचे पापुद्रे सुटत असतात. नळीची वरची बाजू बॉडीला लागून असल्याने खालून दिसत नाही, आणि खरा घात तिथेच होतो. बोट वाकवून वरून फिरवा, छोटा आरसा आत धरा. फोड लागले, बोटाला तपकिरी पूड आली, की समजा. मग पेचकसाच्या मुठीने ठोका, मडकं वाजवून घेतात तसं. बद्द आवाज आला तर नळी गेलेली.

माझ्या पहिल्या गाडीची चासी खालून काळी कुळकुळीत होती. मला वाटलं, मालकाने काय जपलीय! आठ महिन्यांनी तो काळा थर खरवडला आणि पेचकस नळीत आरपार गेला. बॉडी उचलून दोन्ही आउटरिगर बदलावे लागले. तेव्हापासून ताजा काळा लेप दिसला की मी आधीच्या उघड्या धातूचे फोटो मागतो. नसतील तर गाडी घेत नाही. बॉडी जागेवर ठेवून खालून मारलेल्या पट्ट्यांना मी दुरुस्ती मानत नाही. ‘एमओटी झालीय ना’ हे उत्तरही मला चालत नाही.

बाकीचं लवकर उरकतं. रोव्हर कंपनीच्या या इंजिनाची कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) झिजते, बदलल्याचं बिल मागा. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि तापमानाचा काटा बघा. पायाखालचा गालिचा दाबून ओल तपासा. चालवताना रस्ता ओला असेल तर एक्सिलरेटर अगदी हळू दाबा. या गाडीत एबीएस नाही, चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोलही नाही.