आवाज फाटतोय? आधी कपलिंग कपॅसिटर बघा

जुना व्हॉल्व्ह रेडिओ पाच-दहा मिनिटांत फाटक्या आवाजात बोलू लागला, की ईएल84 हा आउटपुट व्हॉल्व्ह (स्पीकर चालवणारा) बदलायची घाई नको. दोष बहुधा त्याच्या ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या जाळीला) जोडलेल्या कागदी कपलिंग कपॅसिटरचा; त्याने आधीच्या टप्प्यातला सिग्नल पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा असतो. सेट बंद करून ईएल84 काढा, पुन्हा चालू करून सॉकेटच्या 2 नंबर पिनवर (ग्रिडवर) चॅसीच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, संदर्भात डीसी व्होल्टेज मोजा. शून्य हवं. एखादा व्होल्ट पॉझिटिव्ह आला तरी कपॅसिटर गळका. त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, जो आता सहज मिळत नाही. 0.01 मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा पॉलिस्टर लावा. डाग देण्याआधी (सोल्डरिंगआधी) प्लग काढून वीजपुरवठ्यातला फिल्टर कपॅसिटर 10 किलोओहम, 5 वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करा. मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटची चॅसीच लाइव्ह असू शकते, म्हणजे तिच्यात मेन्सची वीज असू शकते. तिथे हा प्रयोग करूच नका.