सोलापुरात भिंतचित्र काढताना या चुका टाळा

चौकातले भिंतचित्र दोन पावसाळ्यांत विटले की दोष रंगाला दिला जातो. खरे तर बिघाड बहुतेक वेळा आधीपासून भिंतीतच असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ओल न तपासता काम सुरू करणे. सिमेंटचा नवा गिलावा पाणी मारून झाल्यावर नीट वाळण्यासाठी एकूण किमान चार आठवडे थांबावे, नाहीतर आतले क्षार रंगातून पांढरे फुटून वर येतात. जुन्या भिंतीबद्दल शंका असल्यास हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसले, तर त्या भिंतीला हात लावू नये. लोणा, म्हणजे ओलीमुळे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, असेल तिथे पुट्टीचे थर चढवून काहीच साधत नाही. पाणी गळक्या नळातून येते की पायथ्याशी तुंबलेल्या गटारातून, हे शोधून ते आधी थांबवावे आणि मगच लोणा कोरड्या ब्रशने खरवडावा, कारण पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात.

जुन्या पेठांतील चुन्याच्या भिंतींची अडचण वेगळी आहे. तळहात फिरवल्यावर तो पांढरा होत असेल, तर रंग भिंतीला न चिकटता त्या भुकटीलाच चिकटतो आणि उन्हाळ्यात त्याचे पोपडे निघतात. सुटा चुना पूर्ण काढून, भिंत वाळवून, बाहेरच्या कामाचा प्रायमर लावल्याशिवाय ॲक्रिलिक इमल्शन लावू नये. घरातल्या डिस्टेंपरवर तर मुळीच विसंबू नये; तो पावसात धुऊन जातो.

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या भिंतीवर रंग टेकताच वाळतो, त्यामुळे ब्रशचे पट्टे उमटतात आणि थर नीट बसत नाही. पश्चिमेकडची भिंत सकाळी आणि पूर्वेकडची दुपारनंतर रंगवावी. शक्य असल्यास हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावे. चमकदार फ्लोरोसंट रंग उन्हात लवकर उडतात, गेरूसारखे ऑक्साइडचे रंग टिकतात.

मालकाची परवानगी लेखीच घ्यावी. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा राज्य कायदा आहे. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या तटाला ब्रश लावण्याचा विचारही करू नये.

स्वातंत्र्यलढ्यातील सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या चित्रांत होणाऱ्या चुका मला सर्वाधिक खटकतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली गेली ती येरवड्यात, सोलापुरात नव्हे. त्यामुळे पार्श्वभूमीला भुईकोट दाखवून फाशीचा प्रसंग रंगवणे चूक आहे. चेहरे जमिनीलगत काढू नयेत, तिथे चिखल उडतो आणि लोक थुंकतात. कन्नड, तेलुगू किंवा उर्दू मजकूर असेल, तर खडूने आखणी झाल्यावर ती लिपी वाचणाऱ्याकडून तपासून घ्यावा. उरलेल्या प्रत्येक रंगाचा डबा शेड क्रमांक लिहून घट्ट बंद करून ठेवावा, म्हणजे पुढे डागडुजी करताना नव्या रंगाचे ठिगळ उठून दिसणार नाही.