रोडगे होईपर्यंत टिनांची लगोरी

वावरात रोडग्यांचा, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांचा, कार्यक्रम असला की रोडगे गोवऱ्यांच्या राखेत भाजून निघेपर्यंत तास-दीड तास जातो. वांग्याच्या भाजीपाशी एकच जण लागतो, बाकीचे मोबाइल काढतात. तेवढ्या वेळात ही लगोरी होते. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, म्हणून टिन थंड पेयाचेच. तुमच्याकडचं तुम्ही पाहा.

10 रिकामे टिन घ्या, विसळा आणि उपडे ठेवून वाळवा. एकदा आम्ही विसळायचा कंटाळा केला, तर गोडाला लागलेले मुंगळे थेट मामांच्या बाहीत शिरले. वरची पत्र्याची कडी मोडून टाका आणि भोकाच्या कडेला बोट लावू नका, कापतं.

खरी अडचण वजनाची आहे. 300 मिलिलिटरचा रिकामा टिन 15 ग्रॅमही भरत नाही, त्यामुळे दुपारचा वारा सुटला की चेंडू फेकायच्या आधीच सगळं आडवं. खालच्या चार टिनांत मूठ-मूठ बारीक मुरूम घाला. जास्त नको, मग ते हलतच नाहीत. वरचे सहा रिकामेच असू द्या.

रबरी चेंडू पऱ्हाटीत जातो आणि निम्मा वेळ शोधण्यात. त्यापेक्षा जुन्या पायमोज्यात दोन मुठी सरकी भरा, गाठ मारा आणि उरलेला पायमोजा उलटून त्यावरच ओढा. हा चेंडू पडतो तिथंच राहतो, लागला तरी दुखत नाही.

दोन विटांवर फळी ठेवा. बाजेवर मांडू नका, सुतळीवर टिन डुलतात. खाली चार, मग तीन, दोन, एक. वरचा टिन खालच्या दोघांच्या मधोमध. टिनाचं बूड खालच्याच्या तोंडावर नेमकं बसतं म्हणून पोट्टे सरळ मनोरा रचतात. दिसतो झकास, पण पुन्हा रचताना दमवतो.

मोठ्यांनी दहा पावलांवरून फेकायचं, लहानांनी सहा. प्रत्येकाला तीन फेकी. एक जरी टिन पडला तरी डाव सुरू: पाडणाऱ्यांनी पुन्हा रचायचं, समोरच्यांनी चेंडू मारून बाद करायचं, तोही गुडघ्याखालीच. नवखा खेळाडू जोर काढून दहाच्या दहा उडवतो, टाळ्या घेतो आणि मग मुरमाचे टिन हुडकत वाकलेला असतानाच बाद होतो. मुरलेला गडी वरचे दोन-तीनच अलगद पाडतो. ते उचलून ठेवायला किती वेळ लागतो! आमच्याकडे यात आत्याला तोड नाही.

हरलेल्यांनी टिन गोळा करायचे, दहाही मोजून. एखादा धुऱ्यावर राहिला तर पुढं रोटाव्हेटरखाली त्याच्या चिंध्या होतात, आणि पत्र्याचा तुकडा चाऱ्यातून गुराच्या पोटात जाऊ शकतो. राखेतून रोडगे काढून झटकायचं कामही हरलेल्यांचंच.