कमी कार्बनचं काँक्रीट: स्पेसिफिकेशनमध्ये काय लिहायचं

काँक्रीटच्या वजनात सिमेंट जेमतेम 10 ते 15 टक्के असतं, पण कार्बनचा बहुतेक बोजा त्याचाच, म्हणजे खरं तर क्लिंकरचा (चुनखडी आणि माती भट्टीत भाजून झालेले खडे, जे दळून सिमेंट बनतं). क्लिंकरच्या उत्सर्जनातला साधारण 60 टक्के वायू चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. त्यामुळे नुसतं इंधन बदलून भागत नाही, क्लिंकरच कमी करावं लागतं.

सुरुवात खोडण्यापासून करा. ‘दर घनमीटरला किमान इतके किलो सिमेंट’ हे कलम टेंडरमधून टेंडरमध्ये नकललं जातं आणि मिक्स डिझाइन करणाऱ्याचे, म्हणजे घटकांचं प्रमाण ठरवणाऱ्याचे, हात बांधतं. नियमानुसार किमान प्रमाण बंधनकारक असेल, तर नियमात बसेल तिथे ते ‘एकूण बाइंडर’चं, म्हणजे सिमेंट, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) आणि फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) मिळून, असं लिहा. त्याशिवाय ताकद, एक्स्पोजर (काँक्रीटला सोसावं लागणारं वातावरण), पाणी-बाइंडर प्रमाणाची कमाल मर्यादा, स्लंप (ओल्या काँक्रीटच्या प्रवाहीपणाचं माप) आणि खडीचा कमाल आकार द्या. खडी 20 ऐवजी 40 मिलिमीटरची चालत असेल, तर पाणी कमी लागतं आणि पर्यायाने सिमेंटही.

मग वय. राफ्टवर (इमारतीखालच्या सलग पायावर) पूर्ण भार यायला कित्येक महिने लागतात; त्याची ताकद 28 व्या दिवशीच का मागायची? 56 किंवा 90 दिवस लिहा. राफ्ट, फुटिंग (खांबाखालचा पाया) आणि जाड भिंतींत सिमेंटच्या जागी 50 ते 70 टक्के स्लॅग किंवा 30 ते 40 टक्के फ्लाय अ‍ॅश चालते, शिवाय आतली उष्णताही कमी राहते. स्लॅबला मात्र सेंटरिंग (खालचे साचे आणि टेकू) लवकर काढायचं असतं. तिथे बदली 20 ते 30 टक्क्यांवर ठेवा आणि सेंटरिंग काढतानाची ताकद वेगळी नमूद करा. पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबमध्ये (काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या पोलादी केबल ताणतात त्यात) तर केबल ताणायच्या दिवसाची ताकदच मिक्स ठरवते. सगळ्या इमारतीला एकच ग्रेड (ताकदीचा वर्ग) देणं हा आळस आहे, आणि तो महाग पडतो.

आता आकडा मागा: प्रत्येक मिक्ससाठी, कच्च्या मालापासून प्लांटच्या फाटकापर्यंत, दर घनमीटरला किती किलो कार्बन डायऑक्साइड. अंदाजासाठी साध्या सिमेंटच्या किलोमागे 0.85 किलो आणि स्लॅगच्या किलोमागे 0.07 धरा. 350 किलो साधं सिमेंट म्हणजे जवळपास 300 किलो वायू. त्यातलं निम्मं स्लॅगने बदललं की उरतात सुमारे 160. या आकड्याची कमाल मर्यादा लिहिण्याआधी जवळच्या प्लांटकडे स्लॅगसाठी वेगळा सायलो (साठवणीची टाकी) आहे का, हे विचारा. नाहीतर कलम कागदावरच राहतं.

बिघडतं ते बहुधा क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट पाणी मारून ओलं ठेवण्यात. स्लॅग-फ्लाय अ‍ॅशचं काँक्रीट सावकाश घट्ट होतं. तीन दिवसांत पाणी बंद केलं तर वरचा थर सच्छिद्र राहतो, कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची काँक्रीटवरची क्रिया) आत सरकतं आणि सळई गंजते. किमान 10 दिवस लिहा. थंडीत सेटिंग आणखी लांबतं, म्हणून ट्रायल मिक्स भरणीच्या वेळच्या तापमानातच घ्या.

रिसायकल खडी (जुनं काँक्रीट फोडून केलेली) जपून वापरा: ती पाणी जास्त शोषते, आणि ते भरून काढायला सिमेंट वाढवलं तर कमावलेलं तिथेच जातं.

प्लांटचे मागचे क्यूब रिपोर्टही (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकद-चाचण्यांचे) मागवा. सरासरी लक्ष्य ताकद साधारणपणे ग्रेडमध्ये प्रमाण विचलनाची (चाचण्यांच्या निकालांतल्या चढउताराचं माप) 1.65 पट मिळवून येते. विचलन 5 वरून 3 मेगापास्कलवर आलं, तर लक्ष्य 3.3 ने उतरतं. तेवढं सिमेंट निव्वळ नियंत्रण सुधारून वाचतं. त्यासाठी ना स्लॅग लागतो, ना फ्लाय अ‍ॅश.