दातांना तार लावताय? या चुका टाळा

"मॅडम, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. तोवर दात सरळ होतील ना?" गणपती बसले की हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी समोर येतोच. मुलीची आई शेजारी बसलेली असते, हॉल बुक झालेला असतो. नाही होणार, असं मी पहिल्याच भेटीत सांगते. काहीजणी उठून दुसरीकडे जातात. त्यांतल्या काही वर्षभराने परत येतात, आणि तेव्हा काम आधीपेक्षा अवघड होऊन बसलेलं असतं.

कोथरूडमध्ये वीस वर्षं दातांना तारा लावते आहे. बिघडलेल्या केसेस पाहते तेव्हा बहुतेकींच्या मुळाशी घाई सापडते, म्हणून आधी एवढं समजून घ्या. दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. मुळाभोवती बारीक धाग्यांचं अस्तर असतं आणि त्याच्या पलीकडे हाड. तार दातावर हलका दाब ठेवते. दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं, आणि दात साधारण महिन्याला एक मिलिमीटर सरकतो. म्हणून साध्या केसलाही दीड ते दोन वर्षं लागतात. "डॉक्टर, जरा जास्त कसा ना" असं म्हणणारे पेशंट खूप आहेत. जास्त कसल्याने त्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, दात उलट अडतो आणि मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. हाडाला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

तार कोण लावणार, हे विचारायला लाजू नका. दातांच्या डॉक्टरकीची पाच वर्षांची पदवी, म्हणजे बीडीएस, झाल्यावर तीन वर्षं फक्त हाच विषय शिकून एमडीएस केलेल्याला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. एक्स-रे, दातांचे साचे, फोटो यांतलं काहीही न करता पहिल्याच दिवशी "बसा, लावून टाकू" म्हणणारी जागा सोडा. पैशांची अडचण असेल तर पुण्यात डेंटल कॉलेजं आहेत, धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला आहे. तिथे एमडीएस करणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पण खर्च खासगीपेक्षा कमी येतो. घाईतल्या स्वस्त ऑफरपेक्षा हा रस्ता मला कितीतरी प्रामाणिक वाटतो.

घरच्या घरी रबर

यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण हा प्रकार थांबलेला नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा. वरच्या पुढच्या दोन दातांत फट. हॉस्टेलवर कुणीतरी व्हिडिओ दाखवला, म्हणून याने बारीक रबर मागवलं आणि दोन्ही दातांभोवती चढवलं. थोड्याच दिवसांत फट मिटली आणि स्वारी खूश. मग एका सकाळी रबर दिसेना. झोपेत पडलं असेल असं त्याला वाटलं. दोन महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा हिरडी सुजून जांभळी झाली होती, बोटाने दाबली की पू येत होता. ते दोन दात शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसत होते आणि जिभेने ढकलले तरी हलत होते.

रबर पडलेलं नव्हतं. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं होत जातं. त्याच्यावर चढवलेलं रबर आकसताना हळूहळू हिरडीखाली सरकतं, मुळावरून वर वर चढत जातं आणि वाटेतलं अस्तर आणि हाड कापत नेतं. दुखतंही फारसं नाही, म्हणून पत्ता लागत नाही. एक्स-रेत रबर दिसत नाही, फक्त हाड गेलेलं दिसतं. हिरड्यांच्या डॉक्टरांनी हिरडी उघडली तेव्हा मुळाच्या टोकाजवळ तो पिवळट वेढा सापडला. तो काढून दात शेजाऱ्यांना बांधून ठेवले. एक वाचला. दुसरा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गेला.

फट का आहे, हे आधी पाहावं लागतं. कधी ओठाच्या आतला पट्टा दोन दातांच्या मधोमध उतरलेला असतो, कधी जीभ ढकलायची सवय असते, कधी हाडात एक जादा दात दडलेला असतो. रबराला यातलं काही कळत नाही. कुणाच्या मुलाने असं रबर लावलं असेल आणि ते 'हरवलं' असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच दातांच्या डॉक्टरांना फोन करा. डॉक्टर देतात ती रबरं वेगळी. ती ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या चौकटीच्या, हुकात अडकतात, दाताच्या गळ्यात कधीच नाही.

"दात काढू नका, नजर कमी होते"

वरच्या दाढेचा नजरेशी काहीही संबंध नाही. आज्यांना हे मी हात हातात घेऊन सांगते. बारा माणसांच्या बाकावर चौदा जणं बसली की कुणीतरी पुढे ढकललं जाणारच. सुळ्यामागची उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंची एकेक काढली की चौदा मिलिमीटर जागा होते. सगळ्यांचे दात काढावे लागतात असं नाही, बऱ्याच जणांचं न काढता होतं. पण जिथे गरज आहे तिथे हट्टाने न काढता तार लावून घेतली, तर दात सरळ होतात आणि ओठ मिटत नाहीत. ते नंतर निस्तरणं फार त्रासाचं.

ब्रश

तार काढण्याच्या दिवशी मला धास्ती असते ती पांढऱ्या चौकटीची. ब्रॅकेट निघाल्यावर त्याच्याखालचा चौकोन छान चकचकीत, आणि त्याच्याभोवती खडूसारखी पांढरी कड. तिथे दोन वर्षं चिकटा साचून दाताचं कवच विरलेलं असतं. दात ओळीत आलेले असतात, पण आरशात मुलाला आधी ते डाग दिसतात. हे डाग पडायला दोन वर्षंही लागत नाहीत, महिन्या-दीड महिन्यात सुरुवात होते.

म्हणून माझा रिवाज असा की आधी कीड भरायची, दात साफ करायचे आणि मग दोन आठवडे थांबायचं. दुसऱ्या भेटीत दातांवर रंगाचं औषध लावते. चिकटा राहिला असेल तर तो गुलाबी दिसतो. गुलाबी दिसलं की तार पुढे ढकलते. पालक चिडतात, पण मी ऐकत नाही. बिनतारेचे दात ज्याला घासता येत नाहीत, तो तारेचे काय घासणार? प्रत्येक जेवणानंतर फ्लोराइडच्या पेस्टने ब्रॅकेटच्या वरून आणि खालून घासायचं, तारेखालून बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटा ब्रश फिरवायचा. डब्याच्या पिशवीत ब्रश हवाच.

खाण्याचं सगळ्यांना माहीत असतं, तरी संक्रांतीनंतरचा आठवडा माझा ब्रॅकेट चिकटवण्यातच जातो. तिळाच्या कडक वड्या, काटेरी हलवा, लोणावळ्याची चिक्की, ऊस, मक्याचं कणीस, बर्फ हे बंद. पेरू आणि सफरचंद फोडी करून दाढेने खा, बाकरवडी बारीक तुकडे करून. तार लावल्यावर पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात. मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी चालते. दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, घरात पडलेली दुसरी गोळी नको. हळदीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं चार दिवसांत पिवळी पडतात, तेव्हा करडी किंवा गडद रंगाची मागा.

खोटे कानातले घातले की कान चिघळतो का? आधी सांगा. ती निकेल या धातूची अ‍ॅलर्जी असू शकते. स्टीलमध्ये निकेल असतं, आणि सुरुवातीच्या लवचिक तारेत तर वजनाने निम्म्याहून जास्त. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं घेत असाल तर तेही सांगा, दात सरकण्यावर त्यांचा परिणाम होतो. गालाला टोचलं तर ब्रॅकेट कापसाने कोरडा करून मगच मेण लावा, ओल्यावर ते टिकत नाही. तार नेलकटरने कापू नका. मूल दहावी-बारावीत जाणार असेल, कुणाची बदली व्हायची असेल, तर वेळेचा हिशेब आधी करा. क्लासमुळे चार महिने फिरकलं नाही की तार आपल्या मनाने चालत राहते.

आणि रिटेनर

सगळ्यात जास्त जीव इथे तुटतो. एक मुलगी बावीस महिने एकही भेट न चुकवता आली. दात सुरेख बसले. रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा, काढता-घालता येणारा साचा, दिला आणि ती नोकरीसाठी बंगळूरला गेली. सहा वर्षांनी लग्नाआधी दोन महिने आली. सुळा फिरला होता, खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढले होते. तिने पर्समधून निळी डबी काढली. आतला रिटेनर कोरा, एक ओरखडा नाही. "मॅडम, चार महिने घातला, मग दात छान होते म्हणून ठेवून दिला." तिने तो माझ्यासमोर लावून पाहिला. एका बाजूला बसला, दुसरीकडे तरंगत राहिला. जोर लावायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला.

तार काढली की दात नव्या जागी उभे असतात, पण हिरडीतले धागे अजून जुन्या जागेकडे ओढत असतात. त्यांना बसायला वर्षभरही लागतं, आणि फिरवून सरळ केलेले दात सगळ्यात आधी मागे वळतात. म्हणून सुरुवातीला दिवसरात्र, मग रात्री, आणि रात्रीचं घालणं कायमचं. गरम पाण्याने धुतला की तो वाकतो, साधंच पाणी घ्या. टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवाल तर खरकट्याबरोबर जाईल.

त्या मुलीला मी हे सगळं बावीस महिन्यांच्या शेवटी, पाच मिनिटांत सांगितलं होतं. तेव्हापासून पहिल्या दिवशीच्या खर्चाच्या कागदावर रिटेनरची ओळ सगळ्यात वर लिहिते, आणि ती रिकामी निळी डबी तार लावायच्या आधी पेशंटच्या हातात देते. लग्नाच्या फोटोत तिने ओठ मिटलेले आहेत. जानेवारीत आम्ही पुन्हा तार लावली.