लघवी निसटते, अंग बाहेर येतं: उपचार करताना या चुका टाळा

कंबरदुखीसाठी आलेली बाई तासभर कंबरेबद्दलच बोलते आणि निघताना चपलेत पाय सरकवत हळूच विचारते, "ताई, शिंक आली की थोडी लघवी होते. वयामुळेच ना ते?" फिजिओथेरपीच्या कामात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता कंबर तपासतानाच मी स्वतःहून विचारते. वयाने त्रास वाढतो हे खरं, पण वय झालं म्हणून तो सोसत राहायचं काहीच कारण नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. दुखणं अंगावर काढायची ही सवय अजून गेलेली नाही. लपवता लपवता घरच्या घरी जे उपाय केले जातात, त्यांतच बऱ्याच चुका होतात.

पाणी तोडणं

लग्नाला जायचंय, एसटीचा प्रवास आहे, म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी प्यायचं नाही, हे जवळजवळ सगळ्याच जणी करतात. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई उलट वाढते. शिवाय शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं, आणि त्या जोराने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणखी सैल पडतात. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी प्या, उन्हात काम असेल तर जास्त. काही कमी करायचंच असेल तर चहा कमी करा. झोपण्याआधीचे दोन तास पाणी आवरतं घेतलं तरी चालेल.

"निघायच्या आधी जाऊन येते" म्हणत तासातासाला जाणं हीसुद्धा चूकच. मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली लघवी मावते. थोडी साठली की लगेच रिकामी करत राहिलात, तर त्याला तेवढ्याचीच सवय लागते.

दुसरीची गोळी

खोकताना, हसताना, हंडा उचलताना निसटते तो एक प्रकार. घराच्या कुलपात किल्ली घातली की अशी कळ येते की मोरीपर्यंत पोचवत नाही, तो दुसरा. पुष्कळ जणींना दोन्ही असतात. घाईच्या प्रकारावरची गोळी खोकल्याबरोबर निसटणाऱ्या लघवीवर काम करत नाही, म्हणून जावेला गुण आला ती गोळी तुम्हाला लागू पडेलच असं नाही. यातल्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि वयस्कर बाईच्या विचारांत गोंधळही होऊ शकतो. आधी लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्या. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेले, काय प्यायले, कधी निसटली. ती वही पाहिली की डॉक्टरांना अर्धं निदान तिथेच सापडतं. घाईचा प्रकार असेल, तर दोन खेपांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेण्याचा सराव निदान सहा आठवडे करावा लागतो.

कीगल, पण उलटं

मला सगळ्यात जास्त तळमळ याचीच वाटते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा हा व्यायाम अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ साली मांडला. आता तो मोबाइलवर पाहून जो तो करतो. १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना तो नुसता तोंडी समजावून सांगितला होता. नीट जमला निम्म्याच जणींना, आणि चौघींत एक अशा पद्धतीने करत होती की गळती वाढावी. माझ्यासमोरही हेच होतं. "आवळा" म्हटलं की बाई श्वास रोखते, पोट फुगवते आणि खाली जोर देते. वर ओढायचं ते खाली ढकललं जातं.

गुडघे वाकवून पाठीवर झोपा. चारचौघांत वारा सरतोय आणि तो अडवायचाय, असं समजून गुदद्वार आणि मायांग (योनी) आत, वरच्या दिशेने ओढा. कुल्ले आणि मांड्या सैल राहिल्या पाहिजेत, श्वास चालू राहिला पाहिजे. हातात आरसा धरून पाहा: जागा आत जाताना दिसली तर बरोबर, बाहेर फुगली तर तिथेच थांबा आणि कोणाकडून तरी शिकून घ्या. लघवीची धार मध्येच अडवून रोज सराव करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागू शकते.

तीन सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. सोडणंही व्यायामाचाच भाग आहे. हळूहळू आठ सेकंदांपर्यंत जा. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडणाऱ्या फार. एक गोष्ट मात्र आजपासून करा: शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. घागर उचलतानाही तेच.

संबंधांच्या वेळी दुखतं, लघवीची धार लवकर सुटत नाही, असं असेल तर स्नायू सैल नसून आखडलेले असू शकतात. अशा वेळी कीगलने त्रास वाढतो.

वजनाचं थोडक्यात सांगते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ३३८ जाड स्त्रियांच्या अभ्यासात, सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलेल्या गटात लघवी निसटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. सत्तर किलोच्या बाईसाठी हे साडेपाच किलो होतात.

"पिशवी काढून टाका"

अंग बाहेर येतं, म्हणजे आधार ढिला पडून गर्भपिशवी किंवा योनीची भिंत खाली उतरते, म्हटलं की घरचेच हा सल्ला देतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये महाराष्ट्राने वाचलं आहे. गर्भपिशवी काढल्याने लघवी निसटणं बरं होत नाही. अंग उतरलेलं असतानाही नुसती पिशवी काढून भागत नाही, ढिला पडलेला आधार दुरुस्त करावा लागतो. त्याआधी आधारासाठी योनीत सिलिकॉनची रिंग बसवून घेता येते. ती ठरलेल्या मुदतीत काढून धुवावी लागते, आणि पाळी गेलेल्या बाईला सोबत इस्ट्रोजेनचं मलमही देतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर हे मलम सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रिया ठरलीच तर जाळी घालणार का, कुठून घालणार, हे विचारा. अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये थांबवली गेली. खोकताना निसटणाऱ्या लघवीसाठी मूत्रमार्गाखाली बसवतात ती पट्टी वेगळी, तिचे फायदे-तोटेही वेगळे समजून घ्या.

बाळंतपणानंतर रात्रंदिवस, झोपेतसुद्धा लघवी झिरपत असेल, तर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. तिथे व्यायामात वेळ घालवू नका, लगेच दाखवा. लघवीतून रक्त आलं तरीही तसंच. आणि लघवी अचानक अडली, मांड्यांमधली जागा बधिर झाली, पायांतलं बळ गेलं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.